न झालेल्या उड्डाणाखालची सही

न्युरेम्बर्गला जाऊन आलं की लोक किल्ल्याबद्दल विचारतात, नाताळच्या बाजाराबद्दल विचारतात, महायुद्धानंतरचा खटला चालला ते दालन पाहिलं का म्हणून विचारतात. मी गेलो २००५च्या मे महिन्यात, त्यामुळे बाजार नव्हता. किल्ला लांबून पाहिला. खटल्याच्या दालनापर्यंत गेलो, तर तिथे त्या दिवशी कुठलंसं रोजचं कामकाज चालू होतं आणि आत सोडत नव्हते. दारावरून परत फिरावं लागलं याचं मला मनातून बरंच वाटलं, हेही सांगून टाकतो.

मी गेलो होतो कामाला. पुण्यातल्या एका लहान कारखान्यात मी तयार मालाची तपासणी पाहतो. न्युरेम्बर्गच्या औद्योगिक प्रदर्शनात आमचं एक टेबल होतं. काम बुधवारी संपलं, परतीचं तिकीट सोमवारचं होतं. मधले दिवस मी मकरंदकडे राहिलो.

मकरंद कोण, ते आधी सांगायला हवं. कारखान्यात लागण्यापूर्वी मी लढाऊ वैमानिकांना शिकवत असे. मकरंदचा थोरला भाऊ श्रीधर माझा विद्यार्थी. एकोणीस वर्षांपूर्वी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, उतरण्यासाठी वळण घेताना त्याचं विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं. चौकशी झाली आणि वैमानिकाची चूक असा निष्कर्ष निघाला.

चूक माझी होती. विद्यार्थी ठरावीक दिवसांहून जास्त विमानापासून दूर राहिला, तर त्याला एकट्याला सोडण्याआधी शिक्षकाने दोन बैठकांच्या विमानात मागे बसून त्याची तपासणी घ्यायची, असा नियम. श्रीधर बारा दिवसांच्या रजेवरून आला होता. धुक्यामुळे आमचा अभ्यासक्रम मागे पडला होता, आणि दोन बैठकांचं विमान त्या सकाळी एकच चालू होतं. मी त्यातून दुसऱ्या एका विद्यार्थ्याला घेऊन उड्डाण केलं आणि वहीत त्या एका उड्डाणाची दोन करून लिहिली. दुसरं श्रीधरच्या नावावर. शेरा ‘समाधानकारक’. खाली माझी सही. आमच्यात याला ‘कागदी उड्डाण’ म्हणत. करणारा मी एकटा नव्हतो, पण माझ्या सहीनंतर तासाभरात एक मुलगा मेला. चौकशीवाल्यांनी वही पाहिली. तपासणी झालेली दिसली, म्हणजे मुलगा तयार होता, म्हणजे चुकला तो. मला त्यांनी चहा पाजून मोकळं केलं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. उलट श्रीधरच्या पुण्यतिथीला दर वर्षी वाईला त्यांच्या घरी जात राहिलो. विद्यार्थ्याला न विसरणारा मास्तर म्हणून तिथे माझा मान असे. त्या दिवशी पहिलं पान मला वाढत.

श्रीधरच्या आईंना सगळी वाई ‘बाई’ म्हणते, कारण निम्म्या गावाला त्यांनी पहिलीत शिकवलंय. त्या सध्या मकरंदकडे न्युरेम्बर्गला आहेत, हे मला निघायच्या आठवडाभर आधी कळलं. विमानात बसल्यावर मी ठरवलं, या वेळी सांगायचं. असं मी त्याआधी बऱ्याचदा ठरवलं होतं.

गुरुवार

मकरंद सात वर्षांपासून एका मोठ्या कारखान्याच्या संगणक विभागात आहे. घर तिसऱ्या मजल्यावर. जिने इतके स्वच्छ की चप्पल हातात घेऊन चढावंसं वाटतं. दारात त्याची बायको स्नेहल आणि सहा वर्षांची ईशा. ईशाला आजीचं सगळं मराठी कळतं आणि उत्तर ती जर्मनमध्ये देते. बाई त्यावर मराठीतच पुढचा प्रश्न विचारतात. दोघींचं व्यवस्थित चालतं.

बाई बाल्कनीत होत्या. वय एकाहत्तर, गुडघे गेलेले, आवाज मात्र अजून वर्गातला.

“या सर. जपून या, तिथे माझी बदनामी झालेली आहे.”

झालं असं होतं, की चार दिवस बरं ऊन पडलं म्हणून बाईंनी बाल्कनीत जुन्या धोतरावर कुरडया घातल्या. दुसऱ्या दिवशी हाउसमाइस्टरची, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाची, चिठ्ठी दाराला. कबुतरांना खाऊ घालणं या इमारतीत मना आहे.

“मी म्हटलं मकरंदला, त्याला चार तळून दे,” बाई म्हणाल्या. “कबुतरांचं काय ते तोच ठरवेल.”

“आणि दिल्या मी खरंच,” मकरंद म्हणाला. “त्याने विचारलं, हे खायचं की पॅकिंगचं आहे?”

आम्ही खूप हसलो. मी त्या कुटुंबात नेहमीच खूप हसत आलो आहे.

मग चहा झाला, आणि बाईंनी तो प्रश्न विचारला. हा प्रश्न त्या दर वर्षी विचारतात, सगळे पांगल्यावर, हलक्या आवाजात. “सर, त्याचं नेमकं काय चुकलं हो?”

आणि मी दर वर्षी करतो तेच केलं. उजवा तळवा विमानासारखा धरला, डावीकडे कलवला. वळताना वेग थोडा कमी पडला, बाई. वेग कमी पडला की विमान पंखावर उभं राहत नाही, खाली बसतं. इतक्या कमी उंचीवर सावरायला जागा नसते. मी खरं तेच सांगत होतो. रजेवरून आलेला हात या वळणातच चुकतो आणि तपासणी असते ती यासाठीच, एवढं वाक्य गाळून.

“नीट बघायला हवं होतं त्यानं,” बाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

शुक्रवारी दिवसभर पाऊस होता. मी खिडकीत बसून काढला.

शनिवार

“सर, आज तुमच्यासाठी खास कार्यक्रम आहे,” सकाळी गाडीत बसताना मकरंद म्हणाला. “तुम्ही नुसते किल्ले बघणारे नाही, मला माहितीय.”

न्युरेम्बर्गच्या बाहेर पडलं की मोहरीसारख्या पिवळ्या पिकाची शेतं लागतात. इतकी पिवळी की डोळे दुखतात. तासाभराच्या रस्त्यावर एक गाव आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही, का ते पुढे कळेल. तिथे फ्राउ, म्हणजे श्रीमती, लांग राहतात. मकरंद नवा आला तेव्हा संध्याकाळच्या वर्गात त्यांनी त्याला जर्मन शिकवलं. अडुसष्ट वर्षांच्या, काटक, सायकलवरून स्वागताला आलेल्या.

गावाशेजारी एक माळ आहे. अर्ध्यावर तेच पिवळं पीक, उरलेल्यावर ग्लायडरवाल्यांचा क्लब. युद्धाच्या काळात इथे लढाऊ वैमानिकांची प्रशिक्षण तुकडी होती. फ्राउ लांग गेली कित्येक वर्षं त्या तुकडीचा इतिहास जमवत आहेत. शाळेतून निवृत्त झाल्या त्या दिवसापासून, म्हणाल्या. मकरंद त्यांचं बोलणं मराठीत करून मला सांगत होता, मध्ये मध्ये त्याचं ‘तर मग’साठीचं ‘आल्झो’ आणि ‘अगदी बरोबर’साठीचं ‘गेनाऊ’ तसंच राहत होतं.

त्या सांगत होत्या ते असं. सुरुवातीच्या काळात इथे येणाऱ्या मुलाला महिनोन्‌महिने शिकवत. मग आघाडीवर माणसं कमी पडू लागली, तसा अभ्यासक्रम कापला. मग पेट्रोल संपत आलं, तसा आणखी कापला. मग चांगले शिक्षक आघाडीवर बोलावले गेले, आणि उरले ते जखमी. विमान अवघड होतं, त्याची चाकं एकमेकांच्या फार जवळ. उडताना आणि उतरताना ते एका अंगाला ओढायचं. अनुभवी माणसाचीही तारांबळ उडे. शेवटी शेवटी तर शत्रूची विमानं याच माळावर घिरट्या घालत, आणि शिकाऊ मुलगा वर गेला की त्याला टिपत.

“मी सात वर्षांची होते,” फ्राउ लांग म्हणाल्या. “आम्ही मुलं शेताच्या बांधावर बसून पैजा लावायचो. हा नीट उतरेल की नाही. मी चांगली होते त्या खेळात.”

मकरंदने हे मराठीत सांगितलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

गावाच्या दफनभूमीत एका कोपऱ्यात त्या मुलांच्या कबरी आहेत. एकाही मुलाने शत्रू पाहिलेला नव्हता. शेजारी एक दगड उभा केलाय, कोरा. त्यावर काय लिहायचं यावरून गावात सहा वर्षं भांडण चालू आहे. एकजण म्हणतो ‘देशासाठी’ लिहा. फ्राउ लांग म्हणतात, कुठल्या देशासाठी ते मग पूर्ण लिहा, आणि धावपट्टी घालायला पूर्वेकडून धरून आणलेले जे मजूर इथे मेले, त्यांचीही नावं लिहा. म्हणून दगड कोरा.

“या मुलांबद्दल वाईट वाटून घ्यायचं की नाही, हेच आम्हाला कळत नाही,” त्या म्हणाल्या. “पण त्यांना मारलं कुणी, ते मला कागदावर हवंय.”

जेवायला गावातल्या खानावळीत गेलो. मे महिना म्हणजे पांढऱ्या श्पार्गेलचा. आपल्याकडे शेवग्याच्या शेंगांचं कौतुक होतं तसं इथे या मऊ, फिक्या देठांचं. दारोदारी पाट्या. बशीत बोटभर जाडीचे देठ, वर वितळलेलं लोणी, बाजूला बटाटे. मी सवयीने पहिला देठ शेंगेसारखा दातांत धरून ओढला. पलीकडच्या टेबलावरचं अख्खं कुटुंब जेवायचं थांबलं.

“सर, सुरी,” मकरंद कुजबुजला. “बिट्टे, सुरी घ्या.”

खाता खाता फ्राउ लांगनी पिशवीतून एक वही काढली. कापडी बांधणीची, कोपरे झिजलेले. वैमानिकाची उड्डाणवही. उघडायच्या आधीच मला ती कळली. रकाने सगळ्या देशांत सारखेच असतात. दिनांक, विमान, वेळ, काम, शेरा, सही.

ही वही इथे शिकलेल्या एका मुलाची होती. त्याच्या बहिणीने ती साठ वर्षं जपली आणि मरण्यापूर्वी फ्राउ लांगना दिली. त्यांनी एक पान काढलं. एका हिवाळी दिवशी शिक्षकाबरोबर एक उड्डाण, शेरा चांगला. दुसऱ्या दिवशी एकट्याने उड्डाण, आणि वही तिथे संपते.

“गावच्या पाद्र्याची रोजनिशी आहे,” फ्राउ लांग म्हणाल्या. “शिक्षकाबरोबर उड्डाण लिहिलंय त्या दिवशी त्याने लिहिलंय, सकाळपासून रात्रीपर्यंत धुकं, विमानाचा आवाज नाही. एकाचा तरी कागद खोटा आहे. पाद्री कशाला खोटं लिहील?”

सही करणारा शिक्षक जिवंत होता. शेजारच्या गावी वृद्धाश्रमात. फ्राउ लांग तीनदा जाऊन आल्या होत्या, तीनदा त्याने हवापाण्याच्या गप्पा मारून त्यांची बोळवण केली होती.

“पण आज माझ्याबरोबर दुसरा शिक्षक आहे,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. “तुमच्याशी बोलेल तो.”

म्हणजे मला तिथे नेण्यात त्यांचाही हिशेब होता. पोटात दुखतंय म्हणून मी गाडीत बसून राहू शकलो असतो. पण गेलो.

ते शिक्षक, हेर फोग्ट (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत), खिडकीशी बसले होते. शहाऐंशी वय, एक पाय ताठ, कोटाची सगळी बटणं लावलेली. तीन वाजले होते, म्हणजे कॉफी आणि केकची वेळ. केक कुठल्याशा आंबट देठांचा होता. मी वैमानिकांचा शिक्षक होतो हे मकरंदने सांगितल्याबरोबर म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. कुठलं विमान? उतरतानाचा वेग किती? मी आकडा सांगितला. त्याने शीळ घातली. मग त्याने हात वर केला, तळवा विमानासारखा, आणि वळण दाखवलं. मीही दाखवलं. आम्हा दोघांचे तळवे केकच्या बशीवर एकमेकांच्या मागे फिरत होते आणि मकरंद खूश होऊन बघत होता. “सर, तुम्हाला दुभाषा लागतच नाही!”

तेव्हा फ्राउ लांगनी वही उघडून बशीशेजारी ठेवली.

म्हाताऱ्याने बराच वेळ पाहिलं. चष्मा बदलून पाहिलं. मग तो बोलू लागला, त्यांच्याशी नाही, माझ्याशी. मकरंद वाक्यावाक्याला मराठी करत होता.

“ते म्हणतात, मुलं चार होती आणि पेट्रोल एकापुरतं. वरून रोज फोन, आज किती झाले, उद्या किती होणार. धुकं होतं, खरंय. त्या दिवशी कुणीच उडालं नाही. ते म्हणतात, मी चारही लिहिली. सगळे लिहीत. न लिहिणाऱ्याला आघाडीवर पाठवत, आणि त्याच्या जागी लिहिणारा येई.”

फ्राउ लांगनी डोळे मिटले. किती वर्षं त्यांना हे ऐकायचं होतं.

म्हाताऱ्याने काटा माझ्याकडे रोखून काहीतरी विचारलं. मकरंद हसला.

“सर, ते म्हणतायत, या फ्राउ लांगना नाही कळायचं, हा माणूस धंद्यातला आहे, याला कळेल. याला विचार, याने कधी न उडता सही केलीय का? मी सांगतो त्यांना, आमच्या सरांनी नाही म्हणून.”

“थांब,” मी म्हणालो. “हो म्हणून सांग.”

“काय?”

“हो. केलीय. सांग त्यांना.”

मकरंदने सांगितलं. एकच अक्षर, ‘या’, म्हणजे हो. म्हाताऱ्याने मान हलवली, जसा काही मी त्याच्या गावचाच निघालो. मग पुढचा प्रश्न. मकरंदने तो सावकाश, शब्द शब्द ठेवत मराठीत आणला. “ते विचारतात, मग त्या मुलाचं काय झालं?”

मला आता वाटतं, मकरंदला तेव्हाच कळलं होतं. पण विचारणं त्याचं काम होतं.

“तो श्रीधर होता,” मी म्हणालो.

हे मकरंदने जर्मनमध्ये केलं नाही. फ्राउ लांगनी विचारलं, काय म्हणाले? म्हाताऱ्याने थोडी वाट पाहिली, आणि उरलेला केक खायला लागला.

इथल्या हमरस्त्यावर वेगाला मर्यादा नाही, हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात. मकरंद सगळा रस्ता उजव्या पट्ट्यात, मालट्रकांच्या मागे चालवत होता. निम्मा रस्ता गेल्यावर म्हणाला, “रजेवरून आला म्हणून तपासणी लागत होती?”

“हो.”

“रजा कशासाठी होती माहितीय तुम्हाला?”

मला माहीत नव्हतं. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

“माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. मी पंधरा वर्षांचा. हॉस्पिटलमधून घरी आलो तरी मी त्याला जाऊ देत नव्हतो, अजून दोन दिवस राहा, अजून दोन दिवस. राहिला तो.” पुढच्या ट्रकचा ब्रेकचा दिवा लागला, त्याने ब्रेक दाबला. “मला वाटायचं, माझ्यामुळे त्याचा सराव मोडला. स्नेहललासुद्धा सांगितलं नाही मी हे. आणि तुम्ही दर वर्षी येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवायचात, सर.”

त्याला ‘तुझा दोष नाही’ म्हणण्याचा हक्क एकोणीस वर्षं फक्त माझ्याकडे होता, आणि मी तो कधी वापरला नव्हता.

घरात शिरताना त्याने बूटही काढले नाहीत. “आई, सरांना काहीतरी सांगायचंय.”

बाई ओट्याशी उभ्या होत्या. कुणीतरी दिलेल्या श्पार्गेलची त्यांनी दाण्याचं कूट घालून भाजी केली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. धुकं, विमान, वही, सही. त्यांनी गॅस बारीक केला.

“त्याला माहीत होतं? तपासणी झाली नाही हे?”

“हो. मी म्हटलं त्याला, तू चांगला उडवतोस, तुला गरज नाही.”

“मग तो नाही म्हणू शकला असता.”

“नाही बाई. विद्यार्थी शिक्षकाला नाही म्हणत नाही.”

“खरंय, नाही म्हणत नाही,” बाई म्हणाल्या. चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला ते मी सांगायची गरज नव्हती.

मग बराच वेळ त्या भाजी हलवत राहिल्या, हलवायचं काही नव्हतं तरी.

“हे जाईपर्यंत म्हणत होते, चूक आपल्या पोराची, आपण कुणाला बोल लावायचा नाही. वकील आला होता दारात, त्याला घालवून दिला. मी लावलेला त्याचा वर्दीतला फोटोही यांनी बैठकीतून काढून आतल्या खोलीत नेला. लाज वाटायची यांना.” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “आता यांना कोण सांगणार? तुम्ही जाणार आहात का सांगायला?”

त्यांनी गॅस बंद केला.

“आमच्याकडे पहिलं पान तुमचं वाढलं, सर. त्याच्या वडिलांच्या आधी.”

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. स्नेहलने मला ताट वाढलं. हे लिहायला लाज वाटते, पण मला भूक लागली होती. मी जेवलो.

रविवार

सकाळी जेवणाच्या टेबलावर ईशाची शाळेची वही उघडी होती आणि शेजारी पेन. बाई आंघोळ करून, केस विंचरून बसल्या होत्या.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “मला वाचता येईल असं.”

मी दोन पानं लिहिली. मनापासून लिहिली. अभ्यासक्रम कसा मागे पडला होता, वरचे कसे विचारत होते, ही पद्धत कशी सगळीकडे होती, एकोणीस वर्षांत मला शांत झोप कशी लागली नाही, याचा मला आजन्म खेद राहील. बाईंनी वही स्वतःकडे ओढली, कंपासपेटीतलं लाल पेन घेतलं, पट्टी घेतली, आणि ओळी छाटायला लागल्या.

“धुकं नको. धुकं त्या जर्मन म्हाताऱ्याच्याही वेळी होतं म्हणे, मकरंदने सांगितलं मला.” रेघ. “वरचे नकोत.” रेघ. “सगळे करायचे, हे नको. सगळ्यांनी माझा मुलगा नाही मारला.” झोपेच्या ओळीवर आल्या तेव्हा थोड्या थांबल्या. “हे तुमचं तुमच्याजवळ ठेवा.” रेघ.

उरलेलं त्यांनी मला दुसऱ्या पानावर उतरवायला लावलं. ‘श्रीधर रजेवरून आल्यावर त्याची तपासणी मी घेतली नाही. घेतली असं वहीत खोटं लिहिलं आणि त्याला एकट्याला पाठवलं. चूक त्याची नव्हती.’

“शेवटचं वाक्य खरं आहे, की मला बरं वाटावं म्हणून?”

“खरं आहे, बाई.”

“मग करा सही.”

या मजकुराची एक प्रत मी पुण्याला परतल्यावर जिथे पाठवायची तिथे, म्हणजे हवाई दलाकडे, रजिस्टरने पाठवली. पोच आली आहे, उत्तर आलेलं नाही.

पण बाई उत्तराची वाट बघणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मकरंदला फोनचं कार्ड मागितलं. एशियन दुकानात मिळतं ते, नाणं घासून आकडे काढायचे, मग लांबलचक नंबर दाबायचा, मग भारत. इथे सकाळ होती, तिकडे दुपारची जेवणं झालेली असणार. मकरंदने नंबर लावून दिला. पहिला फोन साताऱ्याला, धाकट्या दिरांना.

“भावजी, मी बोलतेय. बसलात का? बसा. तुम्ही त्याच्या तेराव्याला म्हणाला होतात, पोरगं उतावळं होतं. आठवतंय? ऐका आता.” आणि त्यांनी कागद वाचला. वर्गात धडा वाचावा तसा, स्वल्पविरामाला थांबत. “हो. स्वतः लिहून दिलंय. ते इथंच बसलेत समोर. नाही, रागावून उपयोग नाही. मी फक्त सांगतेय. सगळ्यांना सांगा तुम्ही तिकडे.”

दुसरा कराडला, नणंदेला. त्यांना कमी ऐकू येतं. बाईंनी कागद दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचता वाचता त्यांना धाप लागली. त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

“वन्सं म्हणतात काही कळत नाही. तुम्ही सांगा.”

मी रिसीव्हर घेतला. “नमस्कार. मी श्रीधरचा शिक्षक बोलतोय.”

“कोण?” पलीकडून आवाज आला. “जोरात बोला!”

रविवारी इथे कुणी आवाज करत नाही. कुणी गवत कापत नाही, भिंतीत खिळा ठोकत नाही, मिक्सर लावत नाही. खिडक्या उघड्या होत्या आणि अंगणात कुणाच्या कपबशीचा आवाजही ऐकू येत होता. स्नेहल हळूच म्हणाली, “आई, शेजारी...”

“शेजाऱ्यांना मराठी येत नाही,” बाई म्हणाल्या. “बोला सर.”

मी आवाज चढवला. श्रीधरची तपासणी मी घेतली नाही.

“कुणाची? अजून जोरात!”

मी उभा राहिलो आणि ओरडलो. खोटं लिहिलं मी! त्याची चूक नव्हती! समोरच्या इमारतीतल्या एका बाईने खिडकी लावून घेतली. ईशा दारात येऊन तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण करत होती. पलीकडून काही नाही. मग मी तिसऱ्यांदा, घसा फाटेपर्यंत, एकेक शब्द तोडून सांगितलं, आणि तेव्हा ते पोचलं असावं, कारण कराडच्या त्या घरात मागे चालू असलेला टीव्ही कुणीतरी बंद केला.

मग त्या म्हणाल्या, “वहिनीला द्या.”

मी रिसीव्हर दिला. दोघी बोलल्या नाहीत फारसं. बाई नुसतं ‘हो’ आणि ‘हो ना’ म्हणत होत्या, आणि मोकळ्या हाताने टेबलावरचा कागद सरळ करत होत्या. मी हळूच खुर्ची मागे सरकवली.

बाईंनी रिसीव्हरच्या तोंडावर हात ठेवला.

“बसा सर,” त्या म्हणाल्या. “अजून दोन घरं राहिलीत.”